पाटीवरचं बोट

वंदना गोविंदाच्या मांडीवर पाटी ठेवायची, तेव्हा शेषराव चित्रांकडे बघत नसत. ते तिच्या हातांकडे बघत.

पाटीवर मोठी चित्रं दोनच होती. पुढे केलेला हात म्हणजे पाहिजे, आडवा धरलेला म्हणजे नको. शेषरावांचा पंचवीस वर्षांचा मुलगा गोविंदा आजवर एक शब्दही बोलला नव्हता, आणि आता त्याचं बोट या चित्रांवर टेकत होतं.

"बोलंन कवा?" शेषरावांनी विचारलं होतं.

"बोलेलच असं नाही, काका. त्याचं म्हणणं आपल्याला कळलं, की झालं. आणि तो हात हलवतो ना, ते थांबवू नका."

बोलतं करत नाही, हात हलवणं सोडवत नाही, चिखलीहून त्याला शिकवायला येते आणि पैसेही घेत नाही. बीटी कपाशीचं बियाणं विकायला आलेला माणूसही असाच गोड होता. फवारा लागणारच नाही म्हणाला होता, आणि पंप अजून शेषरावांच्या पाठीवर होता. तेव्हापासून ते प्रत्येक पाकिटातलं थोडं बियाणं घरी ओल्या पोत्यात उगवून बघत. विकणारा समोर नसताना.

आज पाटी परत द्यायची, हे त्यांनी ठरवलं होतं. त्याआधी वंदनाला त्यांनी बाहेर अंगणात बसवलं.

"तीच त्याचं बोट हालवते, रुखमे. पाह्यजो आता."

"पाव्हणीले उनात बसवलं तुमी," त्यांची बायको रुखमाबाई म्हणाल्या.

शेषरावांनी स्वतः गोविंदाच्या मांडीवर पाटी ठेवली. "च्या?" त्यांनी विचारलं. गोविंदाचं बोट पाहिजेवर.

"च्याले नाही कोन म्हन्ते! बरं, उद्या फवारनीचं पानी आनतं?"

दर हंगामात गोविंदा पाण्याच्या खेपा करी. ठरलेलं काम त्याला आवडतं, ते चालू ठेवा, असं वंदनानंच सांगितलं होतं. रुखमाबाईंनाही तसंच वाटे.

बोट नकोवर.

शेषरावांनी पाटी उलटी फिरवली. बाजू बदलल्या. पुन्हा विचारलं. बोट क्षणभर हवेत थांबलं आणि दुसऱ्या बाजूला, नकोवरच गेलं. मग गोविंदानं सदरा वर ओढून नाक झाकलं.

"औषदाचा वास, माय!" रुखमाबाई खाली बसल्या. "येवढी वर्सं!"

शेषरावांनी वंदनाला हाक मारली. "तुमी तं म्हनत होत्या, त्याले आवडते."

तिनं पाटीकडे पाहिलं, मग नाक झाकलेल्या गोविंदाकडे.

"चुकले मी, काका. त्याला विचारलंच नव्हतं."

 पाटीवरचं ते नको तिचं नव्हतं, एवढं शेषरावांना पक्कं झालं होतं.

सकाळी शेषरावांनी दोन्ही घागरी स्वतः उचलल्या.

"पाटी वापस द्याची होती ना?" रुखमाबाईंनी विचारलं.

"राहू दे. निंदनाचंबी इचारतो त्याले." ते दारात थांबले. "आन् पुढच्या खेपेलेबी तिले बाहीरच बसवजो. सावलीत."