एका वाक्याची मुभा

हिस्के बोलहाउसला डॉक्टरेट मिळणार यात कुणाला शंका नव्हती. ग्रोनिंगेनच्या डच विद्यापीठात प्रबंध छापून झाला की पदवी जवळजवळ खिशात असते, आणि नंतरचा पाऊण तासाचा जाहीर वादविवाद नुसता शोभेचा, असं म्हणणारे म्हणतात. त्यांचं काय जातंय म्हणायला. हिस्केला पदवीची फिकीर नव्हती. तिला एका माणसाच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. तिच्याकडे उत्तर होतंही, पण ते वापरायचं नाही असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं.

तो माणूस म्हणजे प्राध्यापक एव्हर्ट कालस्बेक. हिस्के कार्यवादी होती. मन कशाचं बनलंय याला महत्त्व नाही, ते काय काम करतं याला आहे. वेदनेचं काम जे करतं ती वेदना, मग ते मांस असो की तार, असं तिचं मत. कालस्बेकांनी असल्या मतांची खांडोळी करण्यात हयात घालवली होती. बोलायला गोड आणि वादात निर्दय माणूस. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात त्यांनी तिला विचारलं होतं, की ऐकण्याचं सगळं काम चोख करणारं, पण आत मिट्ट काळोख असलेलं एखादं यंत्र असलं तर त्याला ऐकू येतं असं तुम्ही म्हणणार का? हिस्के गप्प झाली. तेव्हा शेजारच्या एका भल्या मुलाने सांगितलं, सर, हिला जरा कमी ऐकू येतं. मग कालस्बेकांनी मोठ्या मायेने, शब्द सुटे सुटे करत, तोच प्रश्न मोठ्याने परत विचारला.

खरं तर पहिल्या वेळीच तिला प्रश्न स्वच्छ ऐकू आला होता. तिच्याकडे फक्त उत्तर नव्हतं. त्या दिवशी तिला जी शरम वाटली तिला तोड नव्हती. कालस्बेक तो प्रसंग विसरलेही असतील, पण तिने मात्र त्या दिवसापासून केस वाढवले आणि कानामागची चकती झाकून टाकली.

विद्यार्थिदशेत मेंदूज्वराने तिचे दोन्ही कान गेले होते, आणि डाव्या बाजूला कवटीत ऐकण्याचं यंत्र बसवलं होतं, त्याची तार आत कानात आणि चकती बाहेर कानामागे. ही हकीकत प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात होती, पण ‘एक रुग्ण’ म्हणून. मार्गदर्शक बाईंनी परोपरीने सांगून पाहिलं की अगं, तो रुग्ण तूच आहेस हे लिही, तुझी बाजू भक्कम होईल. हिस्केने ऐकलं नाही. लोक मुद्दा सोडून कानाची कीव करत बसतील, असं तिचं म्हणणं. हट्टीपणात बोलहाउसांचं घराणं कुणाला हार जाणारं नाही.

वादविवादाच्या दिवशी ती काळ्या पोशाखात उभी राहिली. रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंना पाठराखे होते, एकीकडे मैत्रीण आणि दुसरीकडे भाऊ सिक्को. भाड्याचा लांब शेपटीचा कोट अंगात घालून तो अवघडला होता. उमेदवाराची बोलती बंद झाली तर पाठराख्याने उत्तर द्यायचं, अशी जुनी प्रथा आहे हे त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

"तू आडवी झालीस तर मी काय बोलू?" त्याने कुजबुजत विचारलं.

"म्हण, प्रश्न मोठा मार्मिक आहे."

"आणि मग?"

"मग तूही आडवा हो."

पहिल्या रांगेत आई, आल्त्ये बोलहाउस, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिला तत्त्वज्ञानात गम्य नव्हतं, पण मुलीला कोण किती छळतंय हे कळायला तत्त्वज्ञान लागत नाही.

झगे घातलेले प्राध्यापक एकामागून एक प्रश्न विचारत गेले. हिस्के प्रत्येकाला रीतीप्रमाणे ‘विद्वद्वर्य प्रतिपक्षी’ म्हणत होती आणि प्रश्न नीट निकालात काढत होती. कालस्बेकांची पाळी शेवटची होती. त्यांनी चष्मा काढला, तेव्हाच मार्गदर्शक बाईंनी डोळे मिटून घेतले.

"तुमचं चौथं प्रकरण मला फार आवडलं," ते म्हणाले. "हा तुमचा रुग्ण सांगतो की यंत्राने त्याला ऐकू येतं. पण सांगणं हेही कामच झालं, नाही का? उत्तम यंत्रही तेच सांगेल. तुम्ही मला बाहेरून दिसणारी कामंच दाखवत आहात. आत कुणी आहे का, हे आतून सांगणारं कोण आहे तुमच्याकडे?"

हिस्केने तोंड उघडलं आणि तेवढ्यात दार उघडलं. विद्यापीठाचा चोपदार दंड घेऊन आत आला, दंड जमिनीवर आपटला आणि वेळ संपल्याचं लॅटिनमध्ये जाहीर केलं. हा आला की विषय संपतो. अर्ध्या शब्दावर तोडून आभार मानावेत आणि सुटावं, हीच पद्धत. आजवर या दंडाने कितीतरी अडाणी उत्तरं उमेदवारांच्या पोटातच ठेवली आहेत. सिक्कोने मोठा सुस्कारा टाकला, मार्गदर्शक बाईंनी डोळे उघडले.

अध्यक्ष सौजन्याने म्हणाले, "उमेदवाराची इच्छा असल्यास एक वाक्य बोलून समारोप करता येईल."

हे सगळेच अध्यक्ष म्हणतात, आणि सगळेच उमेदवार नको म्हणतात. हिस्केला समोर मोकळी वाट दिसत होती. पण आता निघून गेलो तर जन्मभर हा माणूस आपल्याला सुटे सुटे शब्द ऐकवत राहील, हेही तिला दिसलं. कीव आली तर येऊ दे, असं तिच्या मनाने घेतलं. तिने केस कानामागे सारले. चकती सगळ्यांना दिसली.

"विद्वद्वर्य प्रतिपक्षी," ती म्हणाली, "तो रुग्ण मी आहे, आणि आतून सांगते की ज्या दिवशी ही तार सुरू झाली त्या दिवशी शब्द पोचत होते, मी उत्तरं देत होते, पण माझी आई मला डब्याच्या झाकणासारखी ऐकू येत होती, म्हणजे तुमचा तो काळोख मी प्रत्यक्ष पाहिलाय, आणि मग आई रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवायला लागली, मयतांच्या बातम्या, जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिराती, काहीही, आणि तो आवाज जसजसा तिच्या हसण्याशी, तिच्या रागाशी, थाप मारण्याआधीच्या तिच्या खोकल्याशी आणि माझ्या रडण्याशी जोडला जात गेला, तसतशी, तारेतला एक कणही न बदलता, त्या झाकणाची माझी आई झाली, म्हणजे कामाच्या बाहेर कुठेतरी दिवा लावायचा राहिला नव्हता, कामच अर्धं झालं होतं, आणि हेही नुसतं यंत्राचं बोलणं आहे असं तुम्हाला वाटत असेल तर ‘मला आतून जाणवतं’ असं तुमचं तुम्हाला सांगणारा जो कुणी आहे, त्याच्यावर तरी तुम्ही विश्वास कशाच्या जोरावर ठेवता?"

चोपदार दंड धरून तसाच उभा होता. कालस्बेकांनी चष्मा घातला, परत काढला, आणि बसल्या जागी मान झुकवली. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. या समारंभात मध्येच टाळ्या वाजवणं अगदी असभ्य समजतात, तरी सगळं सभागृह असभ्य झालं. अध्यक्षांनी हात वर केला आणि ताबडतोब खाली घेतला. हिस्केला वाटलं, आपण इथल्या इथे नाचावं.

पदवीची गुंडाळी हातात पडल्यावर बाहेर अभिनंदनाची रांग लागली. चीजचे तुकडे आणि मोहरीची चटणी फिरत होती. कालस्बेक इतरांसारखे रांगेत उभे राहून आले.

"मला पटलेलं नाही," ते म्हणाले. "तारेच्या मागे तुमचा मेंदू मांसाचाच होता."

"सहावं प्रकरण," हिस्के म्हणाली.

"वाचलंय. तेही पटलेलं नाही. पण चष्मा काढून घालण्यापलीकडे मला आज काही सुचलं नाही, आणि असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. माझ्या वर्गात येऊन हे पोरांना सांगाल का? सावकाश, दोन-चार पूर्णविराम घालून?" आणि हे सगळं ते नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या वेगाने बोलले.

त्यांच्यामागे आई होती. ती जिंकलेल्या माणसाच्या आईसारखी मुळीच दिसत नव्हती. तिचे डोळे लाल झाले होते.

"डब्याचं झाकण?" ती म्हणाली. "इतकी वर्षं बोलली नाहीस मला."

हिस्के ओशाळली. हे तिने आईला खरंच कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आईने वाचणं थांबवलं असतं, अशी तिला तेव्हा भीती वाटली होती. ती तसं म्हणाली.

"वेडी का काय. आणखी मोठ्याने वाचलं असतं," आई म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली. मग तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन, अगदी हळू, जेमतेम ओठ हलवत तिने विचारलं, "आणि आता गं कशी ऐकू येते मी?"

"रडल्यासारखी," हिस्के म्हणाली.