बॅटरीवाल्यांच्या परसातले काचघर

मित्रांनो, मी एक जुने काचघर आहे. काचघर म्हणजे राजवाडा नव्हे. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यात बसवलेल्या काचा, छपराला वारा खेळता राहावा म्हणून दोन झडपा आणि एक कुरकुरणारे दार, एवढाच माझा पसारा. आज माझ्या निम्म्या काचा गेल्या आहेत आणि त्यांच्या जागी प्लास्टिकचा कागद फडफडतो. पण मला माझ्या काचांचे रडगाणे गायचे नाही. मला माझ्या पायाखालच्या जमिनीबद्दल सांगायचे आहे.

मला घडवले एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने. त्याचे वडील वारले आणि त्याची आई दिवसदिवस स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहू लागली. तिच्या कुंड्या तेवढ्या तिला बोलती करायच्या. मिरचीला फूल आले नाही, तर ती मिरचीला चांगले खडसावायची. मुलाने एक पाडलेला दवाखाना गाठला, त्याच्या खिडक्या टेम्पोत घालून आणल्या आणि सुट्टीच्या दिवशी खपून मला उभे केले. शेवटचा स्क्रू पिळून तो म्हणाला, "आई, घे. भाजीशी भांडायला तुला हक्काची जागा."

आई हसली. घरातल्या सगळ्यांनाच ते हसू नवे होते.

मला उभे केले ते परसाच्या टोकाला, भिंतीलगत. तिथे जागा आयतीच होती. बाकी परसात झुडपे माजली होती, पण तो तुकडा सपाट आणि उघडा होता. तिथे गवतसुद्धा धड उगवत नसे. पूर्वी तिथे काय चालायचे, ते सगळ्यांना ठाऊक होते. आईच्या यजमानांना सगळी गल्ली बॅटरीवाले म्हणायची. तिथेच पत्र्याच्या आडोशाला बसून ते मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचे, आतले शिसे लोखंडी कढईत वितळवायचे आणि नव्याने ओतायचे. त्या कढईवर घर चालले, मुलगा शिकला. शेवटी शेवटी त्यांचे हात थरथरायचे, पोटात कळा यायच्या. वय झाले, असे सगळे म्हणाले. ते गेले, पत्रे भंगारात गेले, जमीन सारखी केली. त्या जमिनीवर वीतभर चांगली माती आणि शेणखत पसरले गेले आणि माझे दिवस सुरू झाले.

मित्रांनो, ते दिवस खरोखर चांगले होते. बाहेर बोचरा वारा असला तरी माझ्या पोटात ऊब असायची. सुतळीला धरून टोमॅटो छपरापर्यंत चढायचे. काकडीच्या वेलाजवळ मधमाश्या फिरकत नसत, म्हणून आई रंगकामाचा बारीक ब्रश घेऊन एका फुलातले पराग दुसऱ्या फुलाला लावायची. खाली पालक, मुळा आणि बीट यांचे वाफे. दर हंगामाला ती कुदळीने माती खालून वर करायची. माती उलटली की झाडांना बळ येते, हे तिचे म्हणणे चुकीचे नव्हते.

मग तिला नात झाली. जागच्या जागी गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. भिंगरीची आई शिवणकामाच्या कारखान्यात जायची. ती संध्याकाळी परते तोवर नात आजीची आणि माझी. ती वाफ्यात फतकल मारून बसे, मातीची घरे करी, मुळा उपटून आजीच्या पदराला पुसल्यासारखे करून तसाच खाई. आजी कौतुकाने बघायची. शेजारची शिंपीणबाई भिंतीवरून म्हणायची, "आजी, तुमच्या पालकाला चव आहे हो. बाजारातला पालक म्हणजे नुसतं पाणी." मग आजी तिच्या जुळ्या मुलांसाठी जुडी द्यायची. गल्लीतल्या बहुतेक घरांत माझी भाजी जात होती. आजी देताना कधी हात आखडत नसे.

भिंगरीचे फिरणे कधी थांबले, ते मला नेमके सांगता येणार नाही. ती आधी चिडचिडी झाली. मग पोट धरून वाफ्याच्या कडेला बसून राहू लागली. चेहरा पांढरा पडला. गल्लीतल्या डॉक्टरने सांगितले, अंगात रक्त कमी आहे, पालेभाज्या आणि बीट भरपूर द्या.

आजीने मनावर घेतले. नव्या वाफ्यांत दाट बी फेकले, रोज सकाळी कोवळी पाने खुडली. नात नको नको म्हणत असताना तिला मांडीवर घेऊन घास भरवले. "एवढा एक. माझ्यासाठी," असे म्हणत ती शेवटचा घास तिच्या तोंडात सारायची.

एके सकाळी भिंगरी टोमॅटोकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, ते दे. ते लाल."

"ते लाल म्हणजे काय?" आजीने हसत विचारले.

मुलगी बघत राहिली. तिचे ओठ हलले. शब्द आला नाही. आजीला वाटले, पोर लाडात आली आहे.

त्याच आठवड्यात भिंगरीला फिटचा झटका आला आणि तिला मोठ्या इस्पितळात नेले. कितीतरी दिवस माझ्याकडे कोणी आले नाही. टोमॅटो पिकून गळले. आणि मग एका दुपारी भिंगरीचे वडील एका बाईंना घेऊन आले. त्या माती तपासणाऱ्या होत्या. पाठोपाठ आजी आणि भिंगरीची आईही आली.

बाईंनी हातमोजे चढवले आणि पालकाच्या वाफ्यात खणायला घेतले. "मुलीच्या रक्तात शिसं सापडलंय," त्या खणता खणता म्हणाल्या. "ते कुठून तरी पोटात गेलंय. इथं पूर्वी काय होतं?"

बाईंच्या खुरप्याला काहीतरी लागले. त्यांनी बोराएवढा एक करडा गोळा बाहेर काढला. आजीने तो नकळत हातात घेतला. एवढासा गोळा, पण तिचा हात त्याच्या वजनाने खाली गेला.

"हे शिसंच आहे," ती म्हणाली. "ह्यांच्या कढईतलं. ओतताना उडायचं."

"भाजीतून आणि त्याहून जास्त हातातोंडाला लागणाऱ्या मातीतून जातं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मोठ्यांनाही बाधतं, पण लहान मुलांना फार."

आजी सुनेकडे वळली. "म्हणजे मीच भरवलं तिला."

सुनेच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं, आई. मला कळतं ते. पण आत्ता माझ्याशी बोलू नका. मला थोडा वेळ द्या." आणि ती निघून गेली. मुलगा मध्येच उभा राहिला. इकडे जावे की तिकडे, हे त्याला ठरवता येईना.

मला वाटले, आजी आता पुन्हा खिडकीशी जाऊन बसेल. तिने तसे केले नाही. तिने हात साबणाने चोळून चोळून धुतले, चपला घातल्या आणि आधी शिंपीणबाईचे दार वाजवले. ते दार माझ्या काचेतून दिसते.

"मी दिलेल्या भाजीत विष होतं," आजी म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. तुझ्या दोघांचं रक्त तपासून घे. आजच जा."

शिंपीणबाईला आधी काही उमगलेच नाही. उमगले तेव्हा तिने आतून दार लावून घेतले. आजी क्षणभर त्या बंद दारासमोर उभी राहिली आणि पुढच्या घराकडे वळली. मुलगा मागून धावत आला. "आई, तू थांब. मी सांगतो सगळ्यांना."

"दिली मी," आजी म्हणाली. "सांगणार पण मीच."

अंधार पडेपर्यंत ती दारोदार फिरली. कोणी शिव्या दिल्या, कोणी पाणी विचारले. आणखी काही मुलांच्या रक्तात शिसे निघाले. थोडे होते, वेळेवर कळले, म्हणून ती मुले सावरली. त्यांच्या काही आया आजीशी पुन्हा बोलल्या, काही नाही बोलल्या.

मग तोंडाला मास्क बांधलेली माणसे आली. त्यांनी माझ्यातली झाडे मुळासकट उपटून पोत्यांत भरली आणि जमीन कमरेइतकी खणून नेली. त्या धबडग्यात माझ्या काचा फुटल्या. खड्ड्यात बाहेरची माती आणि वर फरशी घातली गेली. पुढे मी बरीच वर्षे रिकामा सांगाडा होतो. धूळ, कोळ्यांची जाळी आणि ऊन, दुसरे कोणी नव्हते.

भिंगरी वाचली. पण गेलेले सगळे परत आले नाही. तिच्या वयाची मुले पुढच्या वर्गांत गेली, ती मागे राहिली. सांगितलेले तिच्या लक्षात राहत नाही. सून आणि आजी पुन्हा बोलू लागल्या, पण त्याला फार काळ जावा लागला, आणि काही गोष्टी दोघी अजूनही टाळतात.

मित्रांनो, जमीन बोलत नाही. तुम्ही काही पेरायला निघालात, तर आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, इथे पूर्वी काय होते, कोण काय काम करायचे. शंका आली तर माती तपासून घ्या. भाजी धुवा, हात धुवा. माझ्या घरात मायेला तोटा नव्हता. कढईतले उडालेले शिसे कुठे गेले, हे विचारायचे मात्र कोणाला सुचले नाही.

या हंगामात भिंगरीने हट्ट धरला, म्हणून वडिलांनी फरशीवर पिंपे ठेवली आणि तपासलेली माती आणून भरली. आजी माझ्या आत पाऊल टाकत नाही. ती दाराबाहेर स्टूल टाकून बसते. मातीला ती हात लावत नाही.

"आजी, बी किती खोल घालू?" भिंगरी आतून विचारते.

"बोटाच्या पहिल्या पेराएवढं."

भिंगरी एक बी घालते, माती सारखी करते, दुसरे बी हातात घेते आणि थांबते.

"आजी, बी किती खोल घालू?"

"बोटाच्या पहिल्या पेराएवढं, बाळ," आजी म्हणते, जणू नातीने पहिल्यांदाच विचारले आहे.