बिरजाबाईचा आवाज

"नही. ही बिरजाबाई नही शे. ही दुसरा गावनी बाई शे."

द्रौपदाबाईंनी निकाल दिला आणि पुन्हा सुपातल्या शेंगा फोडायला लागल्या. रोशनी सिस्टर हातातला कागद घेऊन तशीच उभी. चार दिवस मोबाइलवर बघून बघून तिनं आयरिश इंग्रजी घोटलं होतं, आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करून जबडा दुखवून घेतला होता, आणि ही म्हातारी म्हणते, दुसऱ्या गावची बाई!

"अहो अक्का, सिस्टर ब्रिजिट आयर्लंडच्याच होत्या ना? मग हे आयर्लंडचंच बोलणं आहे."

"व्हई. पन आयर्लंडमा काय एकच गाव शे का? आपला दोंडाईचानं बोलनं आनि तठे असोदानं बोलनं एक शे का? असोदानी बाई दोन शब्द बोलनी का वळखू येस."

रोशनी स्वतः सातपुड्याच्या पायथ्याची. तिच्या पाड्यावरचं बोलणं तर पलीकडच्या डोंगरातसुद्धा वेगळं होतं. तरी ती हसली. "पण अक्का, तुम्हाला इंग्रजी कुठं समजतं?"

"समजत नही. ऐकू येस ना!"

आणि तेच खरं होतं. दोंडाईचाजवळच्या या मिशनच्या दवाखान्यात द्रौपदाबाईंनी एकतीस वर्षं आयाचं काम केलं. दवाखाना उभा केला तो आयर्लंडच्या मठातून इथं आलेल्या सिस्टर ब्रिजिटनं. गावाच्या जिभेवर तिचं नाव काही बसेना, म्हणून ती झाली बिरजाबाई. बिरजाबाई रोग्यांशी मोडकी मराठी बोलायची, पण मनातलं बोलायची ते इंग्रजीतच, आणि ऐकायला बहुतेक वेळा द्रौपदाबाईच असायच्या. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. अर्थाचं ओझं नाही, त्यामुळे आवाज तेवढा जसाच्या तसा कानात राहिला. आता दवाखान्याला साठ वर्षं होणार म्हणून श्रुतिका बसत होती. बिरजाबाईनं घरी लिहिलेली चार पत्रं तिच्याच ढंगात वाचायची, इथं स्पीकरवर लावायची आणि तिकडं आयर्लंडला, तिच्या मठातही पाठवायची. वाचणार इथली नर्स रोशनी. तिनं बिरजाबाईला कधी पाहिलेलंही नव्हतं.

झालं, दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात शिकवणी सुरू झाली. दुपारची ओपीडी आटोपली की कडुलिंबाची सावली पायऱ्यांवर यायची, पंखे संथ फिरायचे, वॉर्डातली माणसं पेंगायला लागायची. द्रौपदाबाई भिंतीला टेकून डोळे मिटायच्या.

"ती बोलनं शेवटले खाले टाके नही, वं. वरच ठेवे. उतरंडवर मडकं ठेवतस ना, तसं."

रोशनीनं वाक्य म्हटलं. शेवट खाली पडला.

"फुटनं तुनं मडकं! परत म्हन."

हो म्हणताना बिरजाबाई श्वास आत ओढायची. द्रौपदाबाईंनाही ती सवय लागली होती. सून म्हणायची, आत्याबाईंना चटका बसला वाटतं. लहान गोष्टीला बिरजाबाई म्हणायची 'वी'. वी बाळ, वी चहा, वी ताप. रोशनी हसत हसत सगळं टिपून घ्यायची. आणि मग कधी कधी, शिकवता शिकवता, द्रौपदाबाई गप्प व्हायच्या, मान थोडी तिरकी करायच्या, आणि त्यांच्या सुरकुतल्या तोंडातून भलताच आवाज यायचा. उंच, हलका, समुद्रावरून आल्यासारखा. शब्द धड नसायचे, चाल तेवढी असायची. पण वॉर्डातला एखादा जुना रोगी उठून बसायचा आणि दाराकडे बघायचा. रोशनीचं पेन वहीवरच थांबायचं. बाई गं, बावीस वर्षं झाली त्या बाईला मातीत जाऊन, आणि ती इथं व्हरांड्यात बोलतेय!

आठवड्यानं मठानं नेमलेल्या नोरा मॅडमनी फोनवर परीक्षा घेतली. त्या बिरजाबाईच्याच जिल्ह्यातल्या, निवृत्त शिक्षिका. रोशनीनं पहिलं पत्र वाचलं. मग त्यांनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? आमच्या किनाऱ्यावर चार-पाच गावं असं बोलतात, फक्त तेवढीच.

"सांगं व्हतं ना मी," द्रौपदाबाई म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या. लाजल्याच म्हणा ना.

व्हरांड्यातल्या बाकावर रिटायर झालेले जीवराम कंपाउंडर बसलेले असायचे. बीपीच्या गोळीचं निमित्त. खरं तर घरी करमत नाही. त्या दिवशी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आयाबाईले सिस्टर भलती पाठ शे. पन येळवर? येळवर बसी राहिनी!"

द्रौपदाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. रोशनीला काही कळलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

गोष्ट अशी होती. बावीस वर्षांपूर्वीचा मे महिना, ऊन असं की पाखरूसुद्धा दिसेना. सगळा दवाखाना लसीकरणाला बाहेर गेलेला. डॉक्टर तेवढे कंपाउंडच्या पलीकडे, घरी. ऐंशीला टेकलेली बिरजाबाई खोलीत तापानं पडलेली, आणि जवळ द्रौपदाबाई. श्वास अडकला तर व्हरांड्यातली घंटा वाजव, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. श्वास अडकला. द्रौपदाबाई उठायला लागल्या तर बिरजाबाईनं त्यांचं मनगट धरलं आणि काहीतरी म्हणाली. तीन वेळा म्हणाली, तेच. द्रौपदाबाईंनी असले शब्द तिच्या तोंडून कधीच ऐकलेले नव्हते. मनगट सोडवायला काय, पोरानंही सोडवलं असतं. पण त्या बसून राहिल्या. अर्ध्या तासानं हात आपोआप सुटला.

मग सगळे आले. घंटा का नाही वाजवली? डॉक्टर हाकेवर होते! धुळ्याहून फादर आले ते उशिराच. शेवटची प्रार्थना राहिली ती राहिलीच. काय सांगणार? ती काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही, एवढंच? पाणी मागत असेल, फादरला बोलाव म्हणत असेल, डॉक्टरला हाक मार म्हणत असेल, आणि ही बया बसून राहिली. त्याआधी कुणाचंही मरण जवळ आलं की "द्रौपदाला बसवा" असं सगळे म्हणायचे. त्यानंतर नोकरीच्या उरलेल्या वर्षांत त्यांना कुणी मरणाऱ्याच्या खाटेजवळ बसू दिलं नाही. फरशी पुसायची, भांडी धुवायची. ते शब्द मात्र जिभेखाली राहिले. कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. खरंच पाणी मागितलं असलं तर?

रेकॉर्डिंग जळगावला होतं. सुरतकडून येणाऱ्या पॅसेंजरनं रोशनी आणि द्रौपदाबाई निघाल्या. शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव. खिडकीतून केळीचे हिरवे पट्टे मागे सरकत होते, आणि रोशनी ओठातल्या ओठात पत्रं म्हणत होती. प्रशील नावाच्या मुलाचा स्टुडिओ म्हणजे एका गल्लीतली वरच्या मजल्यावरची खोली. भिंतींना, छताला स्पंज. दार लागलं आणि रस्ता, रिक्षा, भोंगे, सगळं एकदम नाहीसं झालं. द्रौपदाबाईंना स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू यायला लागले.

"इथलं बाहेर काहीच ऐकू येत नाही?" त्यांनी विचारलं. अनोळखी माणसाशी त्या शुद्ध बोलायच्या.

"फटाका फोडा अक्का, नाही येणार," प्रशील हसला. "बसा खुर्चीत. रोशनी मॅडम येईपर्यंत माईक बघून घेतो. काहीतरी बोला. नाव, गाव, काहीपण."

तो काचेपलीकडे गेला. रोशनी बाहेर गरम पाणी पीत होती. द्रौपदाबाई एकट्या. बाहेर काहीच ऐकू येत नाही, असं तो म्हणाला होता! बावीस वर्षांत अशी जागा त्यांना मिळाली नव्हती. घरी सून, दवाखान्यात जीवराम, शेतात बाया. त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली, आणि त्या आवाजात, अगदी त्याच खोल जाणाऱ्या श्वासात म्हणाल्या,

"ना हिमी उअम. ना हिमी उअम. ना हिमी उअम."

किती हलकं वाटलं म्हणून सांगू! डोळे उघडले तर काचेपलीकडे प्रशील हात वर करून थांबलेला, आणि रोशनी कानाला हेडफोन धरून उभी. माईक फोनला जोडलेला होता. पलीकडे रेकॉर्डिंग तपासायला बसलेल्या नोरा मॅडम ऐकत होत्या.

रोशनी धावत आत आली. "अक्का, काय म्हणालात तुम्ही? मॅडम रडतायत."

"काहीच नही, वं. असंच." द्रौपदाबाई घाईनं उठल्या. पिशवी शोधायला लागल्या. "चाल, गाडी चुकी जाई."

"त्या विचारतायत, हे कुणाचे शब्द आहेत?"

द्रौपदाबाई थांबल्या. मग खुर्चीची पाठ धरून म्हणाल्या, "पयले तिले इचार. पानी मांगे का ती? फादरले बलाव म्हने का? खरं सांग म्हना. माले खरंच सांग."

रोशनीनं विचारलं. पलीकडून उत्तर आलं, आणि ते ऐकता ऐकता रोशनीचे डोळे भरले.

"अक्का, हे इंग्रजी नाहीच. त्यांच्या घरची बोली आहे, आई-आजीची. इथं ती बोलायला त्यांना कुणी नव्हतंच, म्हणून तुम्ही कधी ऐकली नाही." दवाखान्यात नेहमी पुस्तकी मराठी बोलणारी रोशनी पुढचं म्हणाली ते द्रौपदाबाईंच्या बोलीत. "त्या म्हणत होत्या, 'माले सोडीसन जाऊ नको.'"

द्रौपदाबाई खुर्चीत बसल्या. पदर तोंडाला लावला आणि घळाघळा रडल्या, लहान पोरीसारख्या. मग माईककडे वाकून, जणू तो बिरजाबाईचाच कान असावा तसं, म्हणाल्या, "गयी नही मी, बाई. मी गयीच नही."

त्या दिवशी रोशनीनं चारही पत्रं एका दमात वाचली. एकही मडकं फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीला ही गर्दी. बाकावर जीवराम होतेच. "काय व्हयनं जळगावले?" त्यांनी विचारलं.

द्रौपदाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "जीवरामभाऊ, ती माले जाऊ नको म्हने व्हती."

"आं?" म्हाताऱ्यानं कानामागे हात धरला. अलीकडे त्यांना कमीच ऐकू येत होतं.

"ती माले जाऊ नको म्हने व्हती!"

"जोरमा बोल, माय!"

मग द्रौपदाबाईंनी छातीत श्वास भरला आणि असा आवाज लावला की केसपेपरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली, वॉर्डाच्या दारात बायका आल्या, आतून डॉक्टरांनी मान बाहेर काढली.

"बिरजाबाई! माले! जाऊ नको! म्हने व्हती! म्हनीसन बसी राहिनू मी!"

जीवराम कंपाउंडरांनी कानामागचा हात हळूहळू खाली घेतला. मग शेजारी ठेवलेली काठी उचलून पलीकडे लावली आणि बाकावर एका माणसापुरते सरकून बसले.