बाण नसलेलं झाकण

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, जमीन संपली, आता लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले होते आणि सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या एका टेबलाकडे लागले होते. टेबलावर पेटी होती. जेवणाच्या डब्याएवढी, पितळी पत्र्याने मढवलेली, लाल मखमलीवर ठेवलेली. पेटीमागे हातात माईक घेऊन पेटीबाबा उभे होते. बाबा स्वतः काही करत नसत, हे त्यांचं मोठेपण. जे काय करायचं ते पेटी करायची.

"ही पेटी माणसाच्या हातची नव्हे!" बाबा गरजले. "हिला कुलूप नाही, किल्ली नाही, कळ नाही. हिला फक्त मन कळतं. ज्याचं मन निर्मळ, त्याचा आजार गेलाच म्हणून समजा. त्याच्यासाठी ही आपणहून उघडणार. आणि ज्याच्या मनात मळ, त्याने आपली सगळी ताकद पणाला लावून बघावी!"

ताकद पणाला लावायला व्यायामशाळेचा मालक पुढे झाला. झाकणाच्या कडेखाली बोटं घालून त्याने असा काही जोर लावला की मानेच्या शिरा टरारून फुगल्या. झाकण ढिम्म. लोक खो खो हसले. त्याच्यामागून कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या काकू भीतभीत चढल्या. त्यांचे गुडघे दुखत होते. त्यांनीही झाकण वर ओढलं. झाकण हललं नाही. बाबांनी खेदाने मान हलवली.

"मनात काहीतरी राहिलंय ताई. घरी जाऊन आठवा."

बिचाऱ्या काकू तोंड लपवून खाली उतरल्या. साठ वर्षांत केलेली एकूण एक चूक त्या पायऱ्या उतरताना आठवत असाव्यात.

मग चिमटीच्या आईची पाळी आली. थोरल्या मुलाने, म्हणजे दादाने, तिचा हात धरून तिला पायऱ्या चढवल्या. मागच्या रांगेतून चिमटी हे बघत होती. चिमटी म्हणजे धाकटी मुलगी, दादाची बहीण. कामात बारीक, बोलण्यात टोकदार, म्हणून हे नाव दादानेच लहानपणी ठेवलं होतं, आणि आता चाळिशी उलटली तरी ते सुटलं नव्हतं. तिचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण आईने हट्ट धरला, दादा म्हणाला, "जाऊ दे गं, तिला बरं वाटेल," आणि चिमटी गप्प बसली.

"माते, दोन्ही तळवे झाकणावर ठेव," बाबांचा आवाज एकदम मधाळ झाला. "डोळे मीट. आता सगळा भार माझ्याकडे सोड. सोड. अजून सोड!"

आई टेबलावर वाकली. बाबांनी माईक पेटीजवळ नेला. टक... टिक.

"आता हात काढ."

आईने हात काढले आणि झाकण आपोआप बोटभर वर आलं. सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पहिल्या रांगेत दादाही टाळ्या वाजवत होता.

"सहा वर्षांत फिट आली का, माते?"

"नाही आली," आई म्हणाली.

"मग आजार आहे कुठे? आणि आजारच नाही, तर गोळ्या कुणाला?"

सहा वर्षांत फिट आली नव्हती ती गोळ्यांमुळेच, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. चिमटीला सुचलं, पण टाळ्यांत तिचं कोण ऐकणार? शिवाय तिच्या कानात ते टक-टिक अडकलं होतं. कुठेतरी ऐकलंय, असं तिला घरी जाईपर्यंत वाटत राहिलं.

घरी आल्यावर तिने आईला बजावलं, "गोळ्या सोडायच्या नाहीत हं."

"नाही गं," आई म्हणाली. आई तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलली.

पाचव्या दिवशी सकाळी आई शेगडीजवळ कोसळली. कढत पाण्याचं भांडं हातावर उलटलं. चिमटीने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सरकवली, डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी हात बांधला, औषधांचं पाकीट बघितलं आणि चष्म्यावरून आईकडे पाहिलं.

"एकदम बंद केल्यात? अहो, फिटच्या गोळ्या अशा तोडायच्या नसतात. आज हातावर निभावलं."

"पेटी उघडली होती ना माझ्यासाठी," आई पुटपुटली. पोळलेल्या हातापेक्षा पेटी चुकली याचंच तिला जास्त लागलं होतं.

चिमटीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रागातच ती कारखान्यात गेली.

कारखाना म्हणजे तरी काय, घरामागची एक लांब खोली. वडिलांच्या मागे दादा आणि ती तिथे प्लास्टिकच्या डब्या आणि झाकणं करत. दादा गिऱ्हाईक सांभाळायचा, चिमटी नमुने बनवायची. मागच्या वर्षी आईच्या पिशवीत गोळ्यांची डबी उघडली, गोळ्या जमिनीवर सांडल्या, आणि शेजारचं रांगतं बाळ त्यातली एक तोंडात घालणार तोच चिमटीने ती हिसकावली. त्या दिवसापासून तिच्या डोक्याने एकच ध्यास घेतला. धक्क्याने उघडणार नाही, पोराच्या हातून उघडणार नाही, पण आईच्या दुखऱ्या बोटांना जड जाणार नाही असं झाकण.

सात महिने गेले. एका नमुन्यातून गोळ्या सांडत, दुसरा तिला स्वतःलाच उघडता येईना. शेवटी जमलं. झाकणाच्या पुढच्या कडेला आतून एक आकडा. झाकण वर ओढलं की आकडा उलट जास्तच घट्ट धरतो. उघडायचं तर दोन्ही तळव्यांनी झाकण मागे, बिजागरीकडे सारायचं. बिजागरीची सळई दोन लांबट खाचांमधून मागे सरकते आणि टोकाला जाऊन बसते, आकडा सुटतो, आणि हात काढला की आतली बारीक स्प्रिंग झाकण आपोआप बोटभर वर उचलते. तान्ह्या पोराला दोन्ही बाजूंनी एवढा सारखा दाब देता येत नाही. मोठ्या माणसाला नुसतं वाकलं तरी पुरतं.

पहिल्या मोठ्या नमुन्यात उजवी खाच घासताना तिची कानस सटकली होती. खाच केसभर लांब झाली. त्यामुळे सळईचं डावं टोक आधी बसायचं, उजवं मागून. टक, मग टिक. चिमटीला ती चूक इतकी टोचायची की तो आवाज तिच्या कानात कायमचा बसला होता.

आणि झाकणावर तिने एक बाण कोरला होता. मागे सारा, मग उचला. दादा म्हणाला, "बाण काढ. दिसायला बरा नाही. गुळगुळीत झाकण कसं छान दिसतं." तिने काढला. पुढच्याच आठवड्यात दादा म्हणाला, "नमुना प्रेसमध्ये चिरडला गं, काही उरलं नाही." ती दोन दिवस जेवली नव्हती, आणि दादाने तिची समजूत घातली होती.

सभागृहातलं टक-टिक त्या चिरडलेल्या नमुन्याचंच होतं, हे आता तिच्या डोक्यात लख्ख पेटलं. चिमटीने दादाच्या टेबलाचा खालचा खण ओढला. आत पितळी पत्र्याच्या कातरलेल्या पट्ट्या होत्या. त्यांच्याखाली तिचं स्वतःचं रेखाचित्र होतं आणि त्यातल्या बाणावर लाल पेन्सिलीने फुली मारलेली होती. तिच्या पायाखालची जमीन सरकली.

दादा दारात उभा होता. खण उघडा बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ऐक तरी चिमटे. चार महिने आपल्याकडे काम नव्हतं. बाबा म्हणाले, एक पेटी द्या, आमच्या आश्रमाचं सगळं काम तुम्हाला. मला वाटलं, काय बिघडतं? जरा गंमत."

"सहा वर्षं फिट नाही, हे त्यांना कुणी सांगितलं?"

दादाने पुढे होऊन खण ढकलून लावला.

"तूच सांगितलंस. गोळ्यांनी आधीच बरं असलेलं माणूस दाखवायला सोयीचं, नाही का? आणि पायऱ्या चढवायलाही तूच होतास."

"ती खरंच गोळ्या सोडेल असं मला काय माहीत!"

"मी माझ्या आईसाठी झाकण केलं, दादा. तू त्यात आईलाच अडकवलंस."

तो काहीतरी बोलत राहिला. चिमटीने रेखाचित्राची घडी केली आणि ती बाहेर पडली. रस्त्यात तिला रडू फुटलं, आणि ते आईच्या हातासाठी नव्हतं. ज्याने तिला कानस धरायला शिकवली, त्याच्यासाठी होतं.

पुढच्या रविवारी सभागृह पुन्हा भरलं. चिमटी आईला घेऊन पहिल्या रांगेत बसली, आईचा बांधलेला हात मांडीवर. शिवणवाल्या काकूंनाही तिने आग्रह करून आणलं होतं. आईच्या पलीकडे दादा होता. त्याने चिमटीकडे बघितलं नाही.

बाबांनी नाव पुकारण्याआधीच चिमटी पायऱ्या चढली. बाबांना ती कोण ते माहीत नव्हतं. नुसतं म्हणाले, "उघड, लेकी." भार सोडायला सांगितलं नाही, म्हणजे हिच्यासाठी पेटी आज उघडायची नव्हती.

चिमटीने तळवे ठेवले, झाकण मागे सारलं, हात काढले. टक, टिक. झाकण वर.

बाबा क्षणभर गडबडले. पण मुरलेला माणूस. "पाहा! पाहा किती निर्मळ मन!"

"कसलं निर्मळ?" चिमटीने माईक काढून घेतला आणि ती पेटीमागे जाऊन उभी राहिली. "आत्ता माझ्या मनात तुमच्याबद्दल जे आहे, ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही."

लोक हसले. बाबा हसले नाहीत.

"काकू, वर या. वर ओढायचं नाही. तळवे ठेवा आणि झाकण पुढे, माझ्याकडे ढकला. पोळपाट सरकवतो तसं. हं. आता हात काढा."

झाकण वर आलं. काकू आधी पेटीकडे, मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. "अगं बाई! म्हणजे माझ्या मनात काही नव्हतंच?" आणि त्या भर व्यासपीठावर रडायला लागल्या. "आठ दिवस मला झोप नाही गं!"

व्यायामशाळेचा मालक उड्या मारतच आला. त्याच्यामागून आणखी चौघे. पेटी प्रत्येकासाठी उघडली.

"हिने पेटीचं तेज शोषून घेतलं!" बाबा ओरडले.

"मग आता निस्तेज पेटी उघडतेय कशी? बंद राहायला हवी ना?" मागून कुणीतरी विचारलं, आणि हशा पिकला.

चिमटीने पितळी पत्र्याची कड उचकटली. खालून साधं पांढरं प्लास्टिक निघालं. "ही उजवी खाच बघा, केसभर लांब आहे. माझी कानस सटकली होती. म्हणून आवाज दोनदा येतो. माणसाच्या हातची नव्हे म्हणालात ना? हा तो हात." तिने हात वर केला. "मागे सारलं की उघडते, वर ओढलं की अडकते. ज्याला उघडून द्यायची त्याला हे म्हणतात, भार माझ्याकडे सोड. तो वाकतो, झाकण सरकतं. ज्याला नाही, त्याला नुसतं उघड म्हणतात. माणूस कुठलंही झाकण वरच ओढतो. झालं."

"पण यांना पेटी दिली कुणी?" गर्दीतून प्रश्न आला.

चिमटीने पहिल्या रांगेकडे बघितलं. एवढंच एक वाक्य तिला रात्रंदिवस छळत होतं. आईला अजून कुणीच सांगितलं नव्हतं.

"माझ्या भावाने," ती म्हणाली.

आईने दादाकडे मान वळवली.

"मी पायऱ्या चढत होते," आईने विचारलं, "तेव्हा तुला माहीत होतं?"

आईने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आपला बांधलेला हात त्याच्या बाजूने काढून दुसऱ्या बाजूला ठेवला.

बाबा मागच्या दाराने निघाले होते, पण तिथे व्यायामशाळेचा मालक हाताची घडी घालून उभा होता. डॉक्टरीणबाईंनी त्या संध्याकाळी सात जणांना त्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू करायला लावल्या. त्या सातही जणांसाठी पेटी उघडली होती.

आता ती पेटी आईच्या ओट्यावर असते. पितळ काढलेली, पांढरी. चिमटीने तिच्यावर पुन्हा बाण कोरला. कोरत असताना दादा दारात येऊन म्हणाला, "दे, मी कोरतो." तिने कानस दिली नाही. तो आपल्या टेबलाकडे गेला. दोघं एकाच खोलीत काम करतात अजून, पण त्याने दिलेलं माप ती आता स्वतः मोजून बघते.

शेजारपाजारच्या बायका पेटी बघायला येतात. आई रोज सकाळी त्यांच्यासमोर झाकण मागे सारते, गोळी काढते, पाण्याबरोबर घेते.

"यात काही नाही गं बायांनो," ती सांगते. "हा बाण बघा, असं सारा, असं उचला. बनवणाऱ्याने खरं बनवलं असेल तर तो कसं उघडतं ते सांगतो. जो म्हणेल, 'कसं ते विचारू नका', त्याला आधी तेच विचारा. बाबा असो, नाहीतर घरचं माणूस."

मग ती झाकण लावते आणि म्हणते, "मी नाही विचारलं. मुलाने हात धरला होता ना, म्हणून नाही विचारलं."