सुरम्याची विहीर

"उठा बरं उकंडभाऊ, माही पहार घेऊ द्या," गुलाबराव म्हणाला.

उकंडराव उठला नाही. तो गावचा कोतवाल. विहिरीच्या काठावर उपसलेल्या दगडमातीच्या ढिगावर पहार आडवी टाकून तो तिच्यावरच बसला होता.

"पहार घेऊन का करता? खाली तं जाता येत नाई."

"धार लावून ठेवतो."

"उद्या लावजा. आज साहेब येऊन राह्यला."

साहेब येणार हे गुलाबराव होळीपासून ऐकत होता. आता वैशाख लागला होता. विहीर तशीच अर्धवट, उन्हात तोंड वासून पडली होती. तो ढिगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. उकंडरावाशी भांडून काही होत नव्हतं, हे त्याला दीड महिन्यात कळलं होतं. उकंडराव भांडायचाच नाही. नुसता बसायचा.

गुलाबरावाचं सगळं आयुष्य विहिरीत गेलं होतं. खडकात भोक पाडायचं, सुरुंगाची दारू ठासायची, वात पेटवायची आणि दोराला धरून वर यायचं. धाड गावाच्या आसपास असा मळा थोडाच, जिथे त्याने पाणी काढून दिलं नाही. पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा, त्याला धोतर द्यायचा. दुसऱ्या दिवसापासून त्या विहिरीच्या दोराला त्याने हात लावायचा नसे. तहान लागली तर कोणीतरी वरून ओंजळीत ओतायचं. वस्ती बौद्ध झाली, माणसांनी गावची जुनी कामं सोडली, तेव्हापासून गावविहिरीवरचे ओतणारे हात आणखीच सावकाश झाले होते. त्याची बायको जनकाबाई सकाळी गेली की ऊन डोक्यावर येईस्तोवर घागर घेऊन उभी राहायची. म्हणून वस्तीने स्वतःची विहीर खणायला घेतली. घरटी एक माणूस मातीला आणि सुरुंगाला गुलाबराव. हा उन्हाळा तिने तिथे उभं राहायचं नाही, असं त्याने मनात धरलं होतं.

आणि मग त्याचीच जीभ आडवी आली.

खडकात एक पोकळी लागली. आत काळ्या, चमकत्या काड्यांसारखे खडे चिकटलेले. टोपलं वर गेलं तेव्हा जनकाबाईने हे काय म्हणून विचारलं. खालून तो म्हणाला, "सुरमा हाय. घाल डोयात, मंग बुढा तरणा दिसीन तुले." वरच्या बाया हसल्या. एवढंच.

पण शेजारच्या सिंधूताईने एक खडा पदराला बांधला आणि धाडच्या बाजारात सुरमा विकणाऱ्या अत्ताराला दाखवला. अत्ताराने गिऱ्हाईक हसवायला म्हटलं असेल, असल माल आहे म्हणून. संध्याकाळी ती परतायच्या आत गावात खाण निघाली होती.

ग्रामसेवक भगवंतराव वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती आणि ते रोज मारुतीच्या पारावर बसून पेपर वाचून दाखवत. सुरम्याच्या दगडातून अँटिमनी नावाचा धातू निघतो, तो मिसळला की मऊ शिसं कडक होतं, त्याच्या गोळ्या होतात, छापखान्याचे खिळे होतात, आणि जगातला बहुतेक तो धातू चीनकडेच आहे, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. आपल्याकडे तो फारसा सापडत नाही. सापडला तर तो देशाचा. त्यांनी वर कळवलं, वरून थांबा म्हणून निरोप आला, सुरुंगाची दारू पेटीसकट जमा झाली आणि उकंडराव येऊन बसला.

गुलाबराव दोनदा त्यांच्याकडे गेला होता. उन्हाळा निघून चालला, असं त्याने हात जोडून सांगितलं.

"तुम्ही पाण्याचं पाहता गुलाबराव," भगवंतराव म्हणाले, "तिकडे आपले जवान बर्फात उभे आहेत."

घरी आल्यावर तो जनकाबाईवरच तडकला. "जवानाले पानी लागत नाई का?" त्यावर ती म्हणाली, मले काऊन इचारता, मी का चीनची हाव?

दुपारी जीप आली. साहेब नागपूरचे, दगड तपासणाऱ्या खात्याचे, वाळक्या अंगाचे, कमी बोलणारे. भगवंतरावांनी आणलेल्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलंही नाही. दोर कमरेला बांधून ते सरळ खाली उतरले. गुलाबरावाला तो माणूस तेवढ्यापुरता आवडला. वर आले ते रुमालात मातीने माखलेले खडे घेऊन.

"थोडं पाणी मिळेल?"

जनकाबाई लगबगीने घरात गेली. सकाळपासून उभं राहून तिला एकच घागर मिळाली होती. तांब्या घासून, भरून, पदराने पुसून तिने तो साहेबांच्या हातात दिला. एवढा मोठा माणूस आपल्या घरचं पाणी पिणार म्हणून ती बाजूला उभी राहिली.

साहेबांनी तांब्या खड्यांवर ओतला.

चिखल निघून गेला. "आणखी एक," ते म्हणाले. जनकाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान दुसरीकडे वळवली. ती दुसरा तांब्या घेऊन आली. तिसऱ्याने त्यांनी हात धुतले. पाणी ढिगात जिरून गेलं.

मग साहेबांनी चाकूने एक खडा खरवडला. काळं पुट निघालं, आत पांढरं. कागदावर घासून पाहिला, रेघ उमटली नाही. शेवटी टोपीच्या आडोशाने मेणबत्ती पेटवून एक काडी ज्योतीत धरली. सगळे वाकून पाहत होते. काडी जशीच्या तशी राहिली.

"सुरमा असता तर मेणासारखा वितळला असता," साहेब म्हणाले. "तो नखानेही खरवडतो. आणि इथे तो मिळायचा कसा? तो मिळतो जुन्या खडकांच्या भेगांमध्ये. जमिनीतलं कढत पाणी तिथून वर येतं आणि गारगोटीबरोबर त्याच्या शिरा धरतात. तुमचा हा सगळा मुलूख लाव्हारसाचा. रस थिजताना बुडबुडे राहिले, त्यांत हे खडे वाढले. सुंदर आहेत. उपयोग काही नाही."

भगवंतरावांचा चेहरा उतरला. विहिरीच्या दुसऱ्या बाजूला पाहावं का, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी नुसती नकाराची मान हलवली.

"मंग आता मी काम चालू करू ना साहेब?" गुलाबरावाने विचारलं.

"मी अहवाल देईन. काम ज्यांनी थांबवलं ते सांगतील."

"थांबवलं कोनं?"

साहेबांनी भगवंतरावांकडे पाहिलं. भगवंतराव म्हणाले, वरून आलं होतं.

"वरून म्हंजे कोठून?" गुलाबरावाचा आवाज चढला. "वर तं मी रोज पाह्यत होतो इहिरीतून. मले आभायच दिसे."

कोणी हसलं नाही. साहेब जीपकडे निघाले. गुलाबराव मागे गेला आणि आवाज उतरवून म्हणाला, दगडाचं सांगतलं तसं पाण्याचंही सांगा. साहेब थांबले. या पोकळ खडकाखाली भरीव काळा खडक येईल, दोन्हींच्या सांध्यात बहुधा पाणी असतं, पण खणल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, असं ते म्हणाले. जीप गेली. तिच्या मागे भगवंतराव खुर्ची घेऊन गेले.

उकंडराव अजून बसलेलाच होता.

"मले कोनं उठ म्हनलं नाई," तो म्हणाला.

"इथी सुरमा हाय का?"

"नाई म्हने."

"मंग राखता कायले? माहा घाम?"

उकंडराव सरकला, उठला नाही, नुसता पहारीवरून सरकला. गुलाबरावाने पहार ओढून घेतली. दारू जमा होती. नुसत्या पहारीने तो खडक फोडायचा म्हणजे उंदराने जातं कुरतडायचं होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तरी त्याने दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक उकंडरावाच्या मांडीवर टाकलं.

"माहं नाव सांगू नका," उकंडराव पुटपुटला आणि दोर धरला.

जनकाबाईने घरातली घागर हलवून पाहिली. तळाशी थोडं होतं, ते तिने मडक्यात ओतलं आणि घागर घेऊन पुन्हा गावविहिरीवर गेली. उन्हामुळे तिथे गर्दी नव्हती. वरच्या आळीच्या सत्यभामाबाई एकट्याच पोहरा ओढत होत्या.

"का म्हने वं साहेब?" त्यांनी विचारलं. "सापडला का तुमचा सुरमा?"

"नाई."

वस्तीकडून लोखंडाचा आवाज येत होता. मध्ये थांबायचा, पुन्हा यायचा.

"मंग हे काय ठोकून राह्यले?"

जनकाबाईने घागर पुढे केली. सत्यभामाबाईंनी उंचावरून धार सोडली. आपल्या घागरीवरचे शिंतोडे उडून त्यांच्या लुगड्याला लागू नयेत म्हणून एरवी जनकाबाई घागर धरून मागे मागे सरायची. आता ती सरली नाही. दोन्ही हातांनी घागरीचं तोंड धरून, घागर काठोकाठ भरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.