घरी कोणी नव्हते

मोबाईलवरचा निरोप वाचला आणि शुभाताईंच्या डोक्यात तिडीक गेली. ‘पार्सल घेऊन आलो होतो. घरी कोणी नव्हते.’ कालही हेच, आजही हेच.

“घरी कोणी नव्हते? मग मी काय भूत आहे?” त्या कडाडल्या. समोर बसलेल्या नवऱ्याला, नंदकिशोरांना, त्यातलं अवाक्षर ऐकू आलं नाही. त्यांच्या कानाचं मशीन दुरुस्त होऊन कुरियरने येणार होतं, आणि ते बोरिवलीतल्या बोरिवलीत फिरत होतं.

एरवी शुभाताईंनी कळ काढलीही असती. पण तिकडे कुडाळच्या इस्पितळात थोरले दीर, दशरथभाऊ, रोज थोडे थोडे विझत चालले होते. त्यांची मुलगी जानकी दुपारी फोन लावून त्यांच्या तोंडाशी धरायची. शुभाताई निरोप्याचं काम करायच्या. काल मात्र भाऊंनी त्यांना मध्येच अडवलं होतं. “नंदूक दी गो फोन. तुका सांगण्यासारखा नाय ता.” फोन नवऱ्याच्या कानाला लावला, तर ते नुसतेच “काय? काय रे दादा?” करत राहिले आणि शेवटी रडायला लागले. भाऊच म्हणाले, “मशीन येऊं दे. मगे बोलया.”

उद्याची तिसरी खेप. ती हुकली की पार्सल परत कंपनीकडे.

शुभाताई तडक खाली गेल्या. गेटवरचा बाळा खुर्चीतून उठला.

“आजी, मी काय करू? मी अ‍ॅपवर रिक्वेस्ट टाकली. मुकुलसरांनी अप्रूव्हच नाय केली.”

“अरे, माझा मुलगा कॅनडात आहे! तिथे आता रात्र आहे. फोन मुका करून झोपलाय तो. इथे मी घरात आहे की नाही, ते तिथे झोपलेला माणूस ठरवणार?”

“फ्लॅट त्यांच्या नावावर, म्हणून अ‍ॅपवर ओनरचा नंबर त्यांचाच. कमिटीचा रूल आहे. आणि पार्सल ठेवून घ्यायला आम्हाला बंदी. तो डिलिव्हरीवाला किती थांबणार? दुसरी पार्सलं असतात त्याला. ‘घरी कोणी नाय’ लिहितो नि जातो.”

जुनी तीन मजली इमारत होती तेव्हा भाऊ मालवणच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ आंब्यांची पेटी द्यायचे. पत्ता धड नसे, वर फक्त ‘नंदू’ लिहिलेलं. ती पेटीसुद्धा कधी हरवली नाही. आता टॉवर झाला, अकरावा मजला आला, इंटरकॉम गेला, आणि घरातली माणसं घरात नसल्यासारखी झाली.

दुसऱ्या दिवशी शुभाताईंनी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि गेटच्या दांड्याखाली मांडून बसल्या. थोड्याच वेळात सेक्रेटरी सुलक्षणाची गाडी येऊन अडली.

“काकू, असं मध्ये काय बसलात? किती विचित्र दिसतं!”

“दिसू दे. परवापासून मी कोणाला दिसतच नव्हते.”

“रूल सगळ्यांच्या सेफ्टीसाठी आहे हो. मुकुलला सांगा ना, मेल टाक म्हणावं. पुढच्या मीटिंगमध्ये नंबर बदलू.”

“पुढच्या मीटिंगपर्यंत माझा दीर थांबेल का, तेही मेलवर विचारू? सुले, तुझ्या घराला कुलूप असायचं तेव्हा तुझी मनीऑर्डर, तुझ्या नोकरीचं पत्र, सगळं माझ्या दारात पडायचं. तेव्हा मी कोणाची परवानगी घेतली होती गं?”

सुलक्षणाने काच वर केली. मागे आणखी दोन गाड्या भोंगे वाजवू लागल्या. शुभाताई हलल्या नाहीत.

दुपारी बाराच्या सुमारास डिलिव्हरीवाला आला. बाळाने सवयीने मोबाईल काढला.

“खबरदार! हात लावू नकोस त्याला,” शुभाताई उठल्या.

“आजी, अ‍ॅपवर टाकल्याशिवाय आत नाय सोडता येत.”

“त्याला आत यायचंच नाहीये. मी बाहेर येतेय.” दांड्याखालून वाकून त्या रस्त्यावर गेल्या, सही ठोकली आणि खोकं छातीशी धरून लिफ्टकडे निघाल्या.

वर येताच त्यांनी नंदकिशोरांच्या कानात मशीन बसवलं. नवऱ्याच्याच मोबाईलवरून जानकीला फोन लावला. जानकीचा आवाज घोगरा झाला होता.

“काकी, सकाळपासून बाबा बोलतच नाहीत. डोळेही उघडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता…”

नंदकिशोरांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी फोन ओढून घेतला. “त्याच्या तोंडाशी धर गं, जानकी. दादा, मी नंदू. ऐकू येतंय मला. बोल.”

दुपारचे चार वाजत आले. तरी ते फोन सोडेनात. तेवढ्यात शुभाताईंचा मोबाईल वाजला. पडद्यावर मुकुल. त्याला तिकडे जाग आली होती. शुभाताईंनी तो कट केला, पुन्हा वाजला, पुन्हा कट केला.

“गप्प कर त्याला,” नंदकिशोर डोळे मिटून म्हणाले. “आणि पंखाही बंद कर. दादाचा श्वास नीट ऐकू येत नाहीये.”