साडेतेरा लिटर दूध

फिटर दार उघडून बाहेर आला तोवर दूधवालीने आठवं माप डब्यात ओतलं होतं. त्याच्याकडे न बघता तिने नववंही ओतलं, झाकण दाबलं आणि मगच मान वर केली.

“अहो बाई, थांबा! हे काय चालवलंय?”

“काय चालवलंय? दूध घालतेय.”

“एवढं?”

“मागितलं तेवढं.”

“मी कधी मागितलं? काल चिठ्ठी ठेवली होती की. एक लिटर पुरे, असं ठळक अक्षरात.”

“ती चिठ्ठी होती होय?” दूधवालीने कमरेवर हात ठेवला. “मला कुठे वाचता येतं. मला वाटलं, झाकण सैल झालं म्हणून कागद लावलाय. चांगला दाबून बसवला मी.”

फिटरने कपाळाला हात लावला. दूधवालीने दाराच्या जाळीला बांधलेल्या सुतळीकडे बोट केलं.

“हे मात्र वाचता येतं. एक चिमटा, अर्धा लिटर. वहिनींनीच घालून दिलेली पद्धत. नऊ चिमटे, नऊ मापं. तीन दिवस झाले, मोजून घालतेय.”

फिटरने सुतळीकडे पाहिलं. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ओळीने बसले होते. त्यातले दोन जुने होते, पावसापाण्याने काळे पडलेले. ते कायम तिथे असायचे, आणि घरात रोज एक लिटर दूध यायचं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बुधवारी त्याने बायकोचे सगळे कपडे धुऊन वाळत घातले. संध्याकाळी ते घडी करून ठेवले आणि हातात उरलेले सात चिमटे, चिमट्यांची जागा हीच, असं समजून त्याच सुतळीला लावून टाकले.

“मला वाटलं पाहुणे आलेत,” दूधवाली म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता. “बरं वाटलं हो मला. म्हटलं, चला, घरात परत माणसं आली.”

“कोणी नाही आलेलं. हे आजचं तरी परत घ्या.”

“एकदा डब्यात पडलं की तुमचं. तुमच्या भांड्यातलं मी दुसऱ्याच्या भांड्यात कसं घालू? वहिनी असत्या तर त्याच मला ओरडल्या असत्या.”

ती सायकलवर बसून निघून गेली. फिटरने सात चिमटे काढून खिशात टाकले आणि डबा उचलून आत नेला.

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चौतीस वर्षं काढलेला माणूस. तिथे एक नट जरी जागेवर नसला तरी त्याला झोप यायची नाही. आता त्याच्या ओट्यावर पातेली एकमेकांच्या डोक्यावर बसली होती. गुरुवारचं दूध उकळून फ्रीजमध्ये कोंबलेलं. शुक्रवारचं अर्धं उकळलेलं, अर्धं तसंच. आणि आता हे. कप्प्यात भाजी नव्हती, अंडी नव्हती, कालचा पाव नव्हता. सगळं बाहेर काढून दुधाला जागा दिलेली.

आणि आज चार वाजता लेक येणार होती.

तीन महिन्यांपूर्वी, आईला स्मशानात पोचवून आल्यावर, तिने याच ओट्याला टेकून त्याला बजावलं होतं, “तीन महिने बघू, बाबा. जमलं तर राहा. नाही जमलं तर मी येईन आणि बॅग भरून घेऊन जाईन. मग एक शब्द ऐकणार नाही.” तो हो म्हणाला होता. तीन महिने त्याने चूक होऊ दिली नव्हती. भात करपला तर पातेलं घासून मगच झोपला होता. औषधांच्या डब्या भरलेल्या, लाइटबिल भरलेलं, गादीवरची चादर दर रविवारी बदललेली. परवा तिचा फोन आला, “शनिवारी येतेय. बोलायचंय.” बोलायचंय म्हणजे काय ते त्याला कळत होतं. आणि नेमकं आताच घोडं दुधात अडलं होतं.

लेकीची लहानपणापासूनची खोड होती. घरात शिरलं की चपला काढायच्या आधी फ्रीज उघडायचा.

त्याने शुक्रवारचं न उकळलेलं पातेलं उचललं आणि मोरीपाशी नेलं. तिरपं केलं. दूध काठापर्यंत आलं. तो तसाच उभा राहिला. मग पातेलं सरळ केलं, ओट्यावर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. शेवटी पायात चप्पल सरकवून तो समोरच्या दाराची कडी वाजवू लागला.

मास्तरीणबाई दात घासत होत्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गल्लीत कोणी जोरात बोललं की त्यांच्या भुवया आधी वर जायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चूळ भरली आणि म्हणाल्या,

“साडेतेरा लिटर. फिटरसाहेब, तुम्ही डेअरी काढताय का?”

“बाई, चेष्टा नको. चार वाजता ती येतेय.”

“मग फेकायचं का?”

“हात धजत नाही.”

“धजणार नाहीच. चला, बघू.”

त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एकदा नजर फिरवली. वर्गात शिरताना फिरवत असतील तशीच.

“न उकळलेलं आधी. ते थांबणार नाही.”

त्यांनी झाकण काढून वास घेतला आणि मान हलवली. ते उकळायला ठेवलं तसं पाच मिनिटांत आपोआप फाटलं. फिटर घाबरला.

“गेलं!”

“गेलं काय? अर्धं काम फुकटात झालं. लिंबू पिळा आणखी. आणि स्वच्छ फडकं आणा. स्वच्छ म्हणजे माझ्या लेखी स्वच्छ, तुमच्या नाही.”

चोथा फडक्यात बांधला. पिळायचा कसा, यावर दोघांचं जरा वाजलं. बाई म्हणत होत्या, वर पाट्यासारखं काही जड ठेवा. फिटर न बोलता आतल्या खोलीत गेला आणि हत्यारांच्या पेटीतून शिकंजा घेऊन आला. दोन फळ्या घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, त्यांच्या मध्ये गाठोडं ठेवून त्याने शिकंजा आवळला. दर दहा मिनिटांनी अर्धा आटा. पाणी थेंब थेंब परातीत पडू लागलं आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले.

“हे पाणी टाकू नका,” बाई म्हणाल्या. “यात कणीक मळा. पोळ्या मऊ होतात.”

“हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“तुमच्या बायकोने. तुम्ही घरात असूनही दिसलं नाही, त्याला मी काय करू?”

फिटरने शिकंज्याला आणखी अर्धा आटा दिला. वेळ झालेली नव्हती तरी दिला.

मग कामाची माळ लागली. गुरुवारच्या दुधाची साय काढून वाटीत. त्यातलं दोन लिटर कोमट करून दह्याला लावलं. डबा उबेला म्हणून फिटरने तो आपल्या जुन्या पंपघरातल्या कोटात गुंडाळला. तीन लिटर दूध आणि मूठभर तांदूळ जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवले. ते ढवळत राहायचं, हात थांबवायचा नाही, अशी बाईंची ताकीद. उकडलेले बटाटे दुधात घोटून दाटसर सूप. शिळा पाव दूध-साखरेत भिजवून तव्यावर. प्रत्येक पदार्थाला बाई एक वाक्य सांगायच्या आणि खुर्चीत बसायच्या. फिटर ते वाक्य पुटपुटत ओट्यापासून फ्रीजपर्यंत आणि फ्रीजपासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारायचा. मध्येच घड्याळ बघायचा. मध्येच खिडकीतून रस्ता बघायचा. एकदा तो रस्ता बघत असताना तांदळाचं पातेलं उतू गेलं आणि शेगडी विझली.

“एका जागी उभे राहा हो,” बाई वैतागल्या. “मुलगी येतेय की पोलीस?”

“तुम्हाला कळत नाही, बाई. तिने हा गोंधळ बघितला तर संपलं. तिकडे नेऊन बसवेल मला. बाराव्या मजल्यावर. सकाळी सगळे कामावर, मी आणि टीव्ही. खाली उतरायचं तर लिफ्टला कार्ड लावायचं. मला इथेच राहायचंय.”

“मग सांगा, तुझ्यासाठी केलं सगळं.”

“खोटं सांगू?”

“खोटं कसं? मग सकाळपासून हे कोणासाठी चाललंय? माझ्यासाठी?”

फिटर पातेल्याच्या बुडाला लागलेला भात कलथ्याने खरवडत राहिला.

तीनला बाई आपला वाटा घेऊन घरी गेल्या; एक पातेलं सूप आणि दोन लिटर साधं दूध, वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीसाठी. फिटरने ओटा पुसला, फरशी पुसली, पुसलेला ओटा परत पुसला. शर्ट बदलला. खिशातले चिमटे खडखडले तेव्हा ते उघड्यावर दिसू नयेत म्हणून हत्यारांच्या पेटीत तळाशी टाकले. आता फ्रीजमध्ये सगळं झाकण लावून ओळीने उभं होतं. पनीरच्या वड्या तर त्याने पट्टी लावून कापल्या होत्या.

लेक पावणेचारलाच आली. हातात एकच लहान बॅग होती. त्याने आधी ती बॅगच पाहिली. त्याच्या सामानासाठी हात मोकळे ठेवून आली असणार.

तिने चपला काढायच्या आधी फ्रीज उघडला.

बराच वेळ ती दार धरून उभी राहिली. फ्रीज गुरगुरायला लागला. फिटरने तोंड उघडलं. चिमट्यांचं खरं काय ते सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं त्याने ठरवलं होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “हे सगळं तुम्ही केलंत?”

“मास्तरीणबाईंनी सांगितलं. हात माझे.”

“माझ्यासाठी?”

“बस आधी. दमली असशील, मुंगे.”

लहानपणी साखरेच्या डब्याभोवती घुटमळायची म्हणून पडलेलं नाव. खूप दिवसांनी त्याच्या तोंडून निघालं. लेक खुर्चीवर बसली आणि रडायलाच लागली. फिटर पाण्याचा पेला घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. द्यावा की धरून ठेवावा, कळेना.

“मी पूर्ण रस्ताभर पाठ करत आलेय,” ती म्हणाली. “कसं बोलू तेच कळत नव्हतं. बाबा, ह्यांचे आई-वडील आमच्याकडे येतायत. कायमचे. सासऱ्यांना आता एकटं ठेवता येत नाही. ती खोली… तुमच्यासाठी ठेवलेली खोली, ती त्यांना द्यावी लागतेय. मी भांडले. खरंच भांडले. पण जागाच नाही हो दुसरी.”

फिटरने पेला टेबलावर ठेवला.

“मी शब्द दिला होता तुम्हाला,” ती म्हणाली.

“अगं, बरंच झालं की. मला कुठे यायचं होतं?”

“खरं?”

“मग काय! त्या लिफ्टच्या कार्डाची मला आधीपासून धास्ती. आणि इथे माझं काय अडलंय? बघितलंस ना फ्रीज?”

ती ओल्या डोळ्यांनी हसली. “बघितला. मी सबंध वाट तुमची काळजी करत आले आणि तुम्ही इथे हॉटेल चालवताय.”

“मग! ताट घे.”

ती जेवली. तिला असं जेवताना त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पोळीबरोबर पनीर, मग सूप, मग दुधातला भात दोनदा. तोंडात घास असतानाच बोलत होती. नवऱ्याची बदली टळल्याचं, ऑफिसमधल्या नव्या साहेबाचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं. तिच्या अंगावरून मोठं ओझं उतरलं होतं, ते तिच्या हाताच्या हालचालींतही दिसत होतं. फिटर हं-हं करत होता, वाढत होता.

“उद्या सकाळच्या गाडीने निघते,” ती म्हणाली. “खोलीला रंग लावायला माणूस येणारेय.”

“कुठला रंग?”

“फिका पिवळा. का हो?”

“काही नाही. पिवळा चांगला. उजेड पडतो.”

“बाबा, पण खरंच राहाल ना तुम्ही नीट? एकटे?”

“राहीन की.”

तिला आपलं तोंड दिसू नये म्हणून तो उठला. भरभर शेगडीपाशी गेला, बटणावर हात ठेवला आणि उजवीकडे फिरवला. बटण फिरलं नाही, ते आधीच बंद होतं. त्याने पुन्हा जोर लावला.

“काय झालं, बाबा?”

“दूध बघतोय,” तो म्हणाला. “उतू जायचं.”

लेकीने मान वळवून पाहिलं. शेगडीवर काहीच नव्हतं.